तिसरी प्रत

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळं बदललं ते डॉक्टरांनी बाबांच्या गळ्यावर निळ्या पेनाने आडवी रेघ मारली तेव्हा. त्याआधी आम्ही तपासणीला आलेले चारचौघांसारखे लोक होतो. बाबा खुर्चीत, दादा त्यांच्या मागे, मी दाराशी. रेघ मारून डॉक्टर म्हणाले, "इथून," आणि पेनाला टोपण लावलं. मला त्या टोपणाचा इतका राग आला की बाहेर जाऊन पाणी पिऊन यावं लागलं.

ऑपरेशन चोवीस तारखेला. स्वरयंत्र काढणार. जीव राहील, आवाज जाईल. बाबांनी उभं आयुष्य भाजीबाजारात लिलाव पुकारले. पोत्यांच्या थप्पीवर चढून ते बोली वाढवायला लागले की फाटकाबाहेरच्या टेम्पोवाल्यालाही भाव कळायचा. घरातही त्यांना हळू बोलणं जमत नाही. ते फोन कानाला लावतात तेव्हा वहिनी म्हणते, "बाबा, फोन कशाला, नुसती खिडकी उघडा."

घरी आल्यावर बाबांनी चपला काढता काढता म्हटलं, "मग तेवढ्यात बोलून घेतो. बाळाला आजोबाचा आवाज माहीत नको?" वहिनीला पाचवा महिना आहे. दादाने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या डब्यात राहील ना रे ते?"

डबा म्हणजे माझा सर्व्हर. जुना कॉम्प्युटर उघडून मीच बनवलाय, जिन्याखाली चपलांच्या कपाटावर ठेवलाय. घरातले सगळे फोटो, दादाचं ऑफिसचं काम, वहिनीने शूट केलेलं काय काय, सगळं त्यात जातं. आत दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जातं ते त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी उभी. पण दोन्ही गळ्यापर्यंत भरल्या आहेत.

आई गेली तेव्हा घरात डबा नव्हता. तिचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. मला तिचा आवाज आठवतो असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तिची वाक्यं आठवतात, आवाज माझाच असतो.

या वेळी असं होणार नाही. मोठ्या डिस्क आणणार. जे काही असेल त्याच्या तीन प्रती ठेवणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानातून चांगला माइक आणला. (मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते इथे परत लिहीत नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर 'नक्कल केलीस' असं कोणी म्हटलं तर मी ओळखपत्र टेबलावर टाकून निघून येणार, आणि आलो.)

बाबांच्या खोलीत स्टँड लावला, खुर्ची सरळ केली, पंखा बंद केला. म्हटलं, "बोला."

"काय बोलू?"

"काहीही. माइककडे तोंड करा. खोकू नका."

"खोकू नका हे तू डॉक्टरला सांग."

मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, बाळाला सांगायला लागले की तुझा काका फार हुशार, पण त्याला पूर्ण काही करायची सवय नाही. मी म्हटलं हे कशाला. ते म्हणाले, माझा आवाज, मी ठरवीन. मी म्हटलं मग माझा माइक. तिथून कॉलेजवर गेलो, कॉलेजवरून आईवर. ती असती तर तू असा सुटला नसतास, असं ते म्हणाले. मी दार आपटून निघून आलो. माइक तसाच चालू राहिला.

संध्याकाळी परत गेलो. बाबा म्हणाले, "तू समोर बसलास की मला ओरडावंसंच वाटतं. तू नको बसू."

"बरं. हे लाल बटण. दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. आपोआप डब्यात जाईल, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये."

"बघतो," म्हणाले. त्यांचं 'बघतो' म्हणजे काय असतं ते कुणालाच कळलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

भिंग आली होती. तिचं नाव इथे लिहायचं नाही असं ठरवलंय. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि माझ्यातलं बारीकसारीक मोठं करून दाखवते, म्हणून भिंग. ती मला इंजिन म्हणते. इंजिनियर अर्धाच झालो त्यामुळे उरलं तेवढं, शिवाय लवकर तापतो.

तिच्या वाढदिवसाला मी तिला डब्यात फोल्डर करून दिलं होतं. लोक अंगठी देतात. फोन चार्जिंगला लावला की तिचं सगळं आपोआप माझ्याकडे येतं आणि तिच्या फोनमधली जागा मोकळी होते. शब्द दिलाय की मी उघडून बघणार नाही. मनात खूप येतं, पण बघितलेलं नाही.

तिसरी प्रत तिच्याच घरी असते. लहान खोक्यात एक डिस्क आहे, तिच्या खिडकीशी. आग लागली, चोरी झाली, आमच्या घराचं काहीही झालं तरी ते खोकं दुसऱ्या गल्लीत सुरक्षित. पंख्याचा आवाज होतो म्हणून तिची आई कुरकुरते, त्यामुळे एरवी बंद. दर रविवारी सकाळी भिंग बटण दाबते, खोकं माझ्या डब्याशी जुळवून घेतं आणि काम संपलं की आपण होऊन बंद पडतं. ती डिस्क लहान आहे, म्हणून मी नियम कडक घातलाय: इथे जे आहे तेच तिथे राहील, इथून गेलं की तिथूनही जाईल. जुना कचरा साठत नाही. या नियमाचं मला फार कौतुक आहे.

आज तिला म्हटलं, "विसरत नाहीस ना?"

"दात घासायला विसरेन एखादे वेळी. तुझं बटण नाही."

असं काही ती बोलली की मला दोन दिवस दुसरं काही करता येत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डिस्क मागवल्या. मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन डिस्क बऱ्याचदा एकदमच मरतात. मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "जुळ्या भावांसारख्या." मालकांना सगळ्याला काहीतरी म्हणायचं असतं.

जेवताना वहिनीला योजना समजावली.

"एक बिघडली तर?"

"दुसरी आहे."

"दोन्ही बिघडल्या तर?"

"तिसरी भिंगकडे."

"आणि भिंगच बिघडली तर, भाऊजी?"

दादा हसला. बाबाही हसले, मग खोकले. मी म्हटलं, "ती बिघडणार नाही." वहिनीने पोटावर हात ठेवून बाळाला सांगितलं, "ऐकलंस, काका काय बोलले? तारीख लिहून ठेव."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काहीतरी चाललंय.

दुकानातून लवकर सुटलो तर भिंगची चप्पल बाहेर. ती बाबांच्या खोलीतून निघाली, मला बघून थबकली, म्हणाली, "काकांचा चष्मा सैल झाला होता." बाबांचा चष्मा खिडकीत होता, नाकावर नव्हता. वहिनी म्हणाली, रोजच येते की संध्याकाळी. रोज. आणि मला माहीत नाही. मी सातला येतो, ती साडेसहाला जाते. म्हणजे मला टाळून येते.

माझ्याशी भांडायचं असेल तर माझ्याशी भांडावं. बाबांकडे तक्रारी कशाला?

डब्याची जागा तपासली. भिंगचं फोल्डर आठवड्याभरात फुगलंय. सेल्फी असतील. किंवा कुणाबरोबरचे व्हिडिओ. उघडायला एक क्लिक पुरे होती. उघडलं नाही. शब्द दिलाय.

बाबांना विचारलं, "तुमचं बोलणं होतंय ना?"

"फक्कड होतंय," म्हणाले. आवाज आता फाटल्यासारखा येतो. तरी खूश दिसले. लाल बटण जमलं म्हणायचं. त्यांचं फोल्डर उघडून बघणार होतो, पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मी जिन्यात असतानाच हसणं ऐकू आलं. तिचं आणि बाबांचं. मी दार ढकललं आणि दोघं गप्प झाले. चार्जिंगला लावलेला फोन तिने उलटा करून मांडीवर ठेवला. बाबा छताकडे बघायला लागले, लहान मुलासारखे.

मी तिला जिन्यात गाठलं.

"काय शिजतंय?"

"काही नाही."

"रोज येतेस. मला न सांगता."

"सोमवार होऊ दे, मग सांगते. काकांना शब्द दिलाय."

"आत्ता सांग."

"इंजिन, तापू नकोस. प्रत्येक गोष्ट तुझ्या परवानगीने होते का?"

"माझ्याबद्दल बोलता ना?"

खोटं बोलता येत नाही तिला. "तुझ्याबद्दलही बोलतो. जूनमध्ये परत प्रवेश देतात म्हणे. काकांची फार इच्छा आहे. माझीही आहे. तू नुसता अर्ज..."

झालं. पुढे मी काय काय बोललो ते लिहिताना पेन अडखळतंय. त्यांच्या बाजूने जा म्हणालो. दुकानात डोळे तपासतेस तेवढं तपास म्हणालो, माझं आयुष्य तपासू नकोस. शेवटी म्हणालो, "मी बोलावल्याशिवाय या घरात यायचं नाही."

ती रडली नाही. म्हणाली, "सोमवारी काकांना भेटायला हॉस्पिटलमध्ये तरी येऊ का, की तिथलंही दार तुझंच आहे?"

मी जिन्यात बाजूला झालो. ती गेली.

मग जिन्याखाली बसलो आणि तिचं फोल्डर काढून टाकलं. कचरापेटीही रिकामी केली. कालच्या-परवाच्या अवस्था साठवून ठेवायची सोय डब्यात असते, ती जागा खाते म्हणून मी केव्हाच बंद केली होती. एका क्षणात दोन्ही डिस्कवर ढीगभर मोकळी जागा झाली.

हलकं वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाबा शेवटचं खूप बोलले. नर्सशी, वॉर्डबॉयशी, शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याशी. शिंप्याच्या उशीचा लिलाव पुकारला. "एका बाजूने बसलेली, दुसऱ्या बाजूने फुगलेली, बोला!" सगळा वॉर्ड हसला. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

आत नेताना त्यांनी माझा हात धरला. "ठेवलंय सगळं बोलून," म्हणाले. "निवांत ऐक. डोकं थंड असेल तेव्हा." मी नुसतं हो हो केलं, कारण माझं लक्ष लांब होतं. कॉरिडॉरच्या टोकाला भिंग उभी होती, पिशवी छातीशी धरून. ती जवळ येईल म्हणून मी बघत होतो, आणि ती आलीच तर तोंड फिरवायचं हेही ठरवत होतो. दार बंद झालं. बाबा शेवटी आणखी काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. दादाला विचारलं. तो म्हणाला, "तुझ्याकडे बघून म्हणाले. मला वाटलं तू ऐकलंस."

३ मार्च, सोमवार

बाबा घरी आले. गळ्याला छिद्र आहे, त्यावर जाळीचं कापड. वहिनीने लहान मुलांची पाटी आणली आहे, काडीने लिहायचं आणि खालची पट्टी ओढली की कोरी. बाबा अक्षरं मोठी काढतात, त्यामुळे दोन शब्दांत पाटी भरते. लिहितानाही ते ओरडतातच.

परवा शनिवारी नव्या डिस्क बसवल्या. दिवसभर बसून सगळं हलवलं. जुन्यांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहून त्या दुकानात देऊन टाकल्या. अर्धवट पुसलेल्या डिस्क बाहेर द्यायच्या नाहीत हा माझा नियम. आता इतकी जागा आहे की बाळ कॉलेजात जाईपर्यंत पुरेल. (कॉलेजात. लिहून गेलो.) दादाच्या लग्नाचं अवाढव्य शूटिंग आजवर बाहेर पडलं होतं, तेही आत घेतलं.

डब्याने तिसऱ्या प्रतीची नोंद दाखवली. गेल्या रविवारी खोकं वेळेवर चालू झालं, कालही झालं. कालच्या रविवारी तर लग्नाचं शूटिंग भरून खोकं काठोकाठ झालं.

म्हणजे ती अजून बटण दाबते. सवय असेल. तरी ती नोंद मी तीनदा वाचली.

८ मार्च, शनिवार

बाबांनी पाटीवर लिहिलं: ऐकलंस?

मी म्हटलं, "ऐकतोय ना. तुम्ही लिहा."

त्यांनी मान हलवली, पट्टी ओढली, पुन्हा तेच लिहिलं. मी म्हटलं, "अहो बाबा, माझं लक्ष आहे." त्यांनी पाटी बाजूला ठेवली. औषधांनी थोडं गोंधळल्यासारखं होतं म्हणे.

नंतर लिहिलं: तिला बोलव.

हे मात्र समजलं. तिचीच बाजू. मी पट्टी ओढून पाटी परत दिली. तसं करायला नको होतं. त्यांचं बोलणं मध्येच तोडण्यासारखं झालं ते.

१६ मार्च, रविवार

लिहायला हवं.

दुपारी वहिनी बाबांच्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, "बाळ फार लाथा मारतंय. आजोबांचा आवाज लावा ना भाऊजी, बघू गप्प होतं का." बाबांचा चेहरा उजळला. मी लॅपटॉप आणला, बाबांचं फोल्डर उघडलं.

एक फाइल. सहा फेब्रुवारीची. माझ्या आणि त्यांच्या भांडणाची.

मी म्हटलं, "बाबा, लाल बटण दाबलंच नाही का तुम्ही?"

वहिनी म्हणाली, "लाल बटण कुठलं? भिंगने केलेलं लावा ना. रोज तासन्‌तास करत होते दोघं. लिलाव काय, गोष्टी काय. मला दाराबाहेरून ऐकून हसू आवरायचं नाही."

"भिंगने?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही? तिच्या फोनवरचं तुमच्याच डब्यात येतं ना सगळं?"

बाबा पाटीवर लिहीत होते. पाटी माझ्याकडे वळवली: तिच्या खणात आहे.

खाली, लहान अक्षरात: तू चिडशील म्हणून.

मी म्हटलं, वायर सापडत नाही, आणून लावतो. आणि जिन्याखाली येऊन बसलो. वरून वहिनीचा आवाज येत होता, ती बाळाला म्हणत होती, थांब हं, काका आणतोय.

१८ मार्च, मंगळवार

जुन्या डिस्क: शून्यं. मीच लिहिली. नव्या डिस्क: त्यांवर ते कधी आलंच नाही. भिंगचा फोन: पाठवलं की मोकळा, ही सोय मीच करून दिलेली.

तिसरी प्रत.

शुक्रवारी मी पुसलं तेव्हा तिचं खोकं बंद होतं. म्हणजे त्या क्षणी आदल्या रविवारपर्यंतचं सगळं तिथे शाबूत होतं. शुक्रवार, शनिवार, बाबांचं तोवरचं बोलणं दुसऱ्या गल्लीत तिच्या खिडकीशी सुखरूप पडून होतं. मी तिला असं बोललो होतो की दुसऱ्या कुणी ते खोकं उचलून गटारात टाकलं असतं. टाकलं असतं तर आज मी गटारात उतरलो असतो. पण रविवारी सकाळी तिने बटण दाबलं. माझ्यावर रागावलेली असताना, काकांसाठी, दिलेला शब्द म्हणून. आणि खोक्याने माझा नियम पाळला. इथे नाही ते तिथून काढलं. पुढच्या रविवारी तिने पुन्हा दाबलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दादाच्या लग्नाचं शूटिंग चढलं.

डब्याच्या नोंदीत काढलेल्या फाइलींची नावं तेवढी आहेत. तिने दिलेली. चष्म्याचा लिलाव. जिन्याचा लिलाव. बाळासाठी, पहिला दिवस. काकूंची गोष्ट.

काकू म्हणजे आई.

ती विसरली असती तर. त्या रविवारपासून पुढे ती बटणच विसरली असती तर.

२० मार्च, गुरुवार

मालकांना नुसतं विचारलं, काही वर काढता येईल का. त्यांनी खोदून विचारलं नाही. म्हणाले, वर दुसरं लिहून गेलं असेल तर नाही. मलाही माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

दादाला सांगितलं. मी पुसलं, रागाच्या भरात, तिन्हीकडून. त्याने मला मारलं नाही. लहानपणी तो लगेच मारायचा. उठून अंगणात गेला आणि गाडी धुवायला लागला. धुतलेलीच गाडी.

वहिनी म्हणाली, "बाबांना मी सांगते." मी म्हटलं, नको, मी सांगतो.

बाबांसमोर बसलो. तोंड उघडेना. आमच्या घरात आता कोणाचंच तोंड चालत नाही असं वाटलं. शेवटी मी पाटी घेतली आणि त्यावर लिहिलं: मी पुसलं. सगळं.

त्यांनी बराच वेळ वाचलं. दोनच ओळी होत्या. मग पट्टी ओढली, पाटी कोरी केली, आणि काडी हातात धरून बसून राहिले. मला वाटत होतं ओरडावं त्यांनी. पूर्वीसारखं, फाटकाबाहेर ऐकू जाईल असं.

थोड्या वेळाने लिहिलं: तिला?

"तिला माहीत नाही."

ते पुन्हा लिहायला लागले. कसं गेलं?

मी खरं सांगितलं. फोल्डर, नियम, रविवार, बटण. बाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण बाजारात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला कुणाच्या हातून काय गेलं ते बरोबर कळतं. त्यांनी डोळे मिटले. मग पाटीवर अख्ख्या पाटीभर एकच शब्द काढला: बटण. आणि तो बोटाने खोडला. पट्टी ओढली नाही. बोटाने, पुन्हा पुन्हा, खोडत राहिले.

२१ मार्च, शुक्रवार

भांडणाची फाइल आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली. ती चार ठिकाणी शाबूत आहे: दोन नव्या डिस्कवर, माझ्या लॅपटॉपवर, भिंगच्या खोक्यावर. हिच्यासाठी मी एवढं सगळं उभं केलं होतं.

माझाच आवाज जास्त आहे. बाबा एक वाक्य बोलतात, मी तीन. त्यांचं प्रत्येक वाक्य मी मध्येच कापलंय. आईबद्दल त्यांनी आणखी काहीतरी म्हणायला सुरुवात केली होती, "तिचं म्हणणं असं होतं की तू..." आणि तिथे मी ओरडलोय. मग दार आपटतं. माइक हादरल्याचा ठण्‌ असा आवाज.

मी तिथेच बंद करणार होतो. पण फाइल पुढे बरीच शिल्लक होती.

खुर्ची करकरते. बाबा खोकतात. मग अगदी हळू, मी आयुष्यात कधी ऐकला नाही इतक्या हळू आवाजात, स्वतःशीच म्हणतात, "आता हे बंद कसं करायचं ते तरी सांगून जायचं ना, बाळा."

त्यानंतर नुसता श्वास आहे. कुठेतरी चमचा पडतो, वहिनी काही म्हणते. श्वास चालू राहतो. कितीतरी वेळ ते त्या चालू माइकसमोर तसेच बसून होते. हात लावला तर बिघडेल म्हणून बसले असतील.

तेवढा तुकडा वेगळा काढला. वहिनीला दिला. "हे बाळासाठी," म्हटलं. तिने कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाली, "हे बाळासाठी नाहीये, भाऊजी." तरी ठेवून घेतला.

२३ मार्च, रविवार

सकाळी तिच्या घरी गेलो. तिने बटण दाबण्याआधी पोचायचं होतं, का ते माहीत नाही. आता दाबलं काय, न दाबलं काय. तिची आई बाजारात गेली होती. भिंगने दार उघडलं, मला बघून बाजूला झाली. खोकं खिडकीशी तसंच होतं, वर धुळीचा कण नव्हता.

"काका कसे आहेत?"

"बरे आहेत. लिहितात."

"माहीत आहे. वहिनी सांगते." म्हणजे वहिनीशी बोलणं होतं. "बोलावलं नव्हतं, पण आलास म्हणून विचारते. चहा ठेवू?"

"नको. एक सांगायचंय."

उभ्या उभ्या सांगितलं. त्या शुक्रवारी मी तुझं फोल्डर पुसलं. त्यात बाबांचं होतं हे मला माहीत नव्हतं. गेलं सगळं.

आधी तिला कळलंच नाही. मग चेहरा बदलला, आणि मग एकदम मोकळा झाला. "अरे पण माझ्याकडे आहे ना. वेड्या, तिसरी प्रत. मी एक रविवार चुकवला नाही. तू इतकं बोललास तरी नाही. काकांसाठी." ती खोक्याकडे वळली, त्यावर हात ठेवला. "यात असेल. असणारच."

हे मी येताना वाटेत ठरवलं होतं. तरी तिचा हात त्या खोक्यावर बघितल्यावर जमेल असं वाटेना.

"नाही," म्हटलं. "यातलंही मीच पुसलं. त्याच दिवशी. तिकडून."

"हे बंद होतं."

"बंद असलं तरी पुसता येतं. माझ्याकडून."

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. लोकांचे डोळे बघणं हेच तिचं काम आहे, मी पापणी हलवली नाही. "म्हणजे रविवारी मी बटण दाबलं तेव्हा..."

"तेव्हा आत काहीच नव्हतं. तू रिकाम्या खोक्याचं बटण दाबत होतीस."

"मुद्दाम केलंस? माझ्या घरातलंही? इतका राग?"

"हो."

तिने खोक्यावरून हात काढला. खाली बसली. म्हणाली, "काकूंबद्दल तीन दिवस बोलले होते ते. रडत बोलले. मला म्हणाले, हे त्याला ऐकव, मला त्याच्यासमोर जमत नाही." मग म्हणाली, "आणि शेवटच्या दिवशी तुझा लिलाव पुकारला. आम्ही हसत होतो ना, तू आलास तेव्हा? तोच चालू होता."

"काय बोली लागली?"

तिने मान वर केली. तिला आठवत होतं, शब्दन्‌शब्द आठवत होता, ते दिसत होतं. "ते तू ऐकायचं होतंस," म्हणाली. "माझ्या तोंडून नाही."

तिने खोक्याची वायर काढली, नीट गुंडाळली, पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. "हे आता इथे नको. आणि तूही नको येऊस."

मी हो म्हटलं. आणखी एक वाक्य तोंडाशी आलं होतं. ते एक बोललो असतो तर तिने मला माफ केलं असतं, आणि मग दर रविवारी सकाळी तिला स्वतःचा हात दिसला असता. माझ्या हाताची मला सवय होईल.

पिशवी काखेत धरली. बाहेर आलो आणि दार लावलं. हळूच, कडीचाही आवाज होऊ न देता.